‘असं म्हणतात’ पडद्यावर कसं दाखवणार?

धायरीतून बोलतोय, रविवारी सकाळी सात वाजता. नऊनंतर धायरी फाट्याचे हॉर्न माझ्या मायक्रोफोनला माझ्यापेक्षा जास्त आवडतात, म्हणून ही वेळ. जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी: बोलताना घातलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढलेत. सगळे निघत नाहीत.

मागच्या भागात आपण ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’वर बोललो. त्यावर भरपूर मेसेज आले आणि त्यातले निम्मे एकाच बाईबद्दल होते. राणी ॲलिसेंट. एकाचं म्हणणं, ‘दादा, पुस्तकात ती पक्की खलनायिका आहे, सिरीजने तिला उगाच बिचारी केलीय.’ दुसरीचं म्हणणं बरोबर उलटं, पुस्तकात तिच्यावर अन्याय झालाय आणि सिरीजने तो दुरुस्त केलाय. दोघांनी पुस्तक वाचलंय, हे मला मेसेजवरून कळतंय. मग एकाच पुस्तकातून दोन ॲलिसेंट कशा निघाल्या? आज तेच बघू. आणि तिथून मला घरी यायचंय, रायगडावर आणि शनिवारवाड्यात. कारण हा प्रश्न आपल्याकडे ड्रॅगनशिवाय, साडेतीनशे वर्षं चालू आहे.

आधी पुस्तक. ‘फायर अँड ब्लड’, जॉर्ज मार्टिन, २०१८. पुष्कळ जण हे पुस्तक हातात घेतात आणि तीस पानांत ठेवून देतात, कारण ती कादंबरीसारखी कादंबरीच नाही. संवाद कमी, प्रसंग कमी, सनावळ्या जास्त. एक आर्चमेस्टर गिल्डेन नावाचा म्हातारा विद्वान घटना घडून गेल्यावर बऱ्याच काळाने जुने कागद समोर ठेवून इतिहास लिहितोय, अशी कल्पना आहे. त्याच्यासमोर मुख्यतः तीन साक्षी आहेत. एक सेप्टन युस्टेस, म्हणजे धर्मगुरू, त्याचा कल ॲलिसेंटच्या पक्षाकडे. दुसरा ग्रँड मेस्टर मंकन, ज्याने दुसऱ्याच्या कबुलीजबाबावरून लिहिलंय. तिसरा मशरूम, दरबारातला विदूषक, त्याचा ओढा रेनीराकडे आणि त्याला चावट आणि भयंकर तेवढंच आठवतं. राजा व्हिसेरिस झोपेत वारला. युस्टेस म्हणतो, आजारीच होता. मशरूम म्हणतो, राणीने त्याच्या मद्यात चिमूटभर विष घातलं. गिल्डेन दोन्ही लिहितो आणि पुढे जातो.

मराठी वाचणाऱ्याला हा प्रकार काय आहे ते लगेच कळायला हवं. ही बखर आहे! मार्टिनने इंग्रजीत, न झालेल्या राजांची, सातशे पानांची बखर लिहिलीय. ‘असे म्हणतात’, ‘कोणी म्हणतात’, ‘ऐसे जाहले’. बखरीत खलनायक असा समोर उभा राहत नाही. त्याच्याबद्दल कोण काय बोललं, ते आपल्यापर्यंत येतं. बोलणारा कोणाच्या पगारावर होता, हे शोधणं आपलं काम.

आता हे पडद्यावर कसं आणायचं? कॅमेऱ्याला ‘असं म्हणतात’ म्हणता येत नाही. राणीच्या हातात पेला असतो किंवा नसतो. आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. मॉडेल आतमध्ये शक्यता मोजत असतं, हे साठ टक्के, ते तीस, उरलेलं दहा. स्क्रीनवर युजरला एकच उत्तर दिसतं, ठळक अक्षरांत. उरलेले चाळीस टक्के कुठे गेले, हे त्याला कळायचं कारणच नसतं. कादंबरीची सिरीज होताना नेमकं हेच होतं, आणि त्याचा सगळ्यात जास्त परिणाम खलनायकावर होतो, कारण नायकाबद्दल मुळात साक्षीदारांचं फारसं भांडण नसतं.

ॲलिसेंटचं काय केलं बघा. पुस्तकात ती रेनीरापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. राजाची दुसरी बायको, अठराव्या वर्षी आलेली, समोर नऊ वर्षांची सावत्र मुलगी. सिरीजने दोघींना एका वयाच्या जिवलग मैत्रिणी केलं. त्यामुळे गोष्टीचा सूरच बदलला, ‘सावत्र आई विरुद्ध मुलगी’ ऐवजी ‘मैत्री तुटली’. हा बदल मला आवडला. पण पुढचा नाही आवडला. राजा मरताना गुंगीत काहीतरी जुन्या भविष्यवाणीबद्दल बडबडतो, त्यात ‘एगॉन’ हे नाव येतं आणि ॲलिसेंटला वाटतं, नवऱ्याने शेवटच्या क्षणी आपल्या मुलाला गादी दिली. म्हणजे अख्खं यादवी युद्ध कशावरून, तर ऐकण्यातल्या चुकीवरून. पुस्तकातली ॲलिसेंट काही चुकीचं ऐकत नाही. राजा गेल्यावर ती निरोप दाबून ठेवते, मंत्र्यांना जमवते, बैठक होते आणि निर्णय होतो. तिचं म्हणणं सरळ आहे. गादी मुलाला मिळावी, मुलीला नाही, आणि रेनीरा बसली तर माझी मुलं जिवंत राहणार नाहीत. पटो न पटो, हा राजकीय विचार आहे. सिरीजने तिला चांगली करताना तिचं डोकं काढून घेतलं. बिचारी झाली खरी, पण राणी उरली नाही.

एमंडचंही तसंच. पुस्तकात तो भाच्याच्या मागे वादळात ड्रॅगन घालतो आणि मारतो. सिरीजमध्ये त्याला फक्त घाबरवायचं असतं, ड्रॅगन ऐकत नाही. पुन्हा तेच, ‘हातून झालं, मनात नव्हतं’. आईचं ऐकण्यात चुकलं, मुलाचा लगाम सुटला. एवढं मोठं युद्ध आणि सुरू कोणी केलं विचाराल तर कोणीच नाही.

याच्या उलटही होतं, तेही पटकन सांगतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये रॉबर्ट राजाची अनौरस पोरं मारून टाकायचा हुकूम पुस्तकात सर्सीचा आहे. सिरीजने तो जॉफ्रीच्या माथी मारला. पुस्तकातला जॉफ्री बारा-तेरा वर्षांचा कार्टा आहे, पडद्यावरचा मोठा. त्याला अजून काळा केला आणि तेवढंच आईला उजळ केलं. वर सर्सीला एक प्रसंग दिला, ज्यात ती रॉबर्टपासून झालेल्या आणि तापात गेलेल्या पहिल्या बाळाबद्दल बोलते. पुस्तकात असं बाळ नाही. रॉबर्टचं मूल तिने होऊच दिलं नाही, असं ती स्वतः सांगते. म्हणजे पडद्याने तिला काय दिलं? आईपण. मनाशी नोंद करून ठेवा, कारण पडद्याला राणीसाठी दुसरं कारण सहसा सुचत नाही आणि आपल्याकडेही सुचलेलं नाही.

तर आता घरी येऊ.

आधीच सांगतो, म्हणजे कमेंटमध्ये भांडण नको. मी छत्रपतींच्या घराण्याची तुलना टार्गेरियनांशी करत नाहीये. ती माणसं खोटी आहेत, ही खरी. मी तुलना करतोय ती कागदांची आणि पडद्याची.

सोयराबाई. तुमच्या-माझ्या पिढीने त्यांना दोन ठिकाणी बघितलं. एक ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेत, २०१७ ते २०२०, भूमिका स्नेहलता वसईकर यांची. दुसऱ्या ‘छावा’ चित्रपटात, फेब्रुवारी २०२५, तिथे दिव्या दत्ता. चित्रपट शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या ‘छावा’ कादंबरीवर आधारलेला आहे. ती कादंबरी जाडजूड आहे, कडेवर घेऊन वाचावी लागते. संभाजी महाराजांची जी बदफैली, उनाड अशी प्रतिमा बखरींनी आणि नंतर नाटकांनी केली होती, ती पुसायला वा. सी. बेंद्रे, कमल गोखले यांच्यासारख्या संशोधकांनी आयुष्य घातलं. सावंतांनी ते काम कादंबरीतून घराघरांत नेलं. पण नायक उजळताना सावली कुठेतरी पडते. ती बऱ्याच अंशी सावत्र आईवर पडली.

कागद काय सांगतात? क्रम बघा. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले, साधारण वर्षभराने परत आले, पन्हाळ्यावर राहिले. मार्च १६८० मध्ये रायगडावर राजाराम महाराजांची मुंज आणि लग्न झालं, तेव्हा थोरले बंधू तिथे नव्हते. ३ एप्रिलला शिवाजी महाराज गेले. २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं. हे कोणी केलं? अण्णाजी दत्तो होते, मोरोपंत पेशवे होते, मोठमोठी माणसं होती. अण्णाजी आणि मोरोपंत संभाजीराजांना धरायला पन्हाळ्याकडे निघाले आणि वाटेत त्यांनाच हंबीरराव मोहित्यांनी धरलं. हंबीरराव हे सरसेनापती. आणि सोयराबाईंचे सख्खे भाऊ! सख्खा भाचा गादीवर असताना ते सावत्र भाच्याच्या बाजूने उभे राहिले. जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले.

आता जरा शांतपणे विचार करा. राज्य पाच-सहा वर्षांपूर्वी अभिषेक झालेलं. उत्तरेकडून औरंगजेब कधीही येईल. थोरला मुलगा कर्तबगार, पण शत्रूकडे जाऊन आलेला. धाकटा दहा वर्षांचा, म्हणजे त्याच्या नावाने मंत्रीच कारभार बघणार. ज्या मंत्र्यांचं थोरल्याशी पटत नाही, त्यांना काय सोयीचं होतं ते वेगळं सांगायला नको. हा वारसाचा आणि सत्तेचा अस्सल राजकीय पेच आहे. सहा माणसं, बंद खोली आणि प्रत्येकाचा वेगळा हिशोब. यावर एक अख्खा सीझन निघेल.

पडद्यावर यातलं काय उरतं? सावत्र आईचा मत्सर. ‘माझा राजाराम राजा झाला पाहिजे.’ बस.

कागदांचीही गंमत आहे, मार्टिनला लाज वाटेल इतकी. सभासदाची बखर १६९० च्या दशकात जिंजीला लिहिली गेली, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, म्हणजे सोयराबाईंच्या मुलाच्या पदरी. चिटणीस बखर त्यानंतर शंभरेक वर्षांनी मल्हार रामराव चिटणीसांनी लिहिली. ते बाळाजी आवजींचे वंशज, आणि बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहान्ताची शिक्षा दिली होती. म्हणजे एक साक्षीदार धाकट्या पातीच्या पदरचा आणि दुसऱ्याच्या घराण्यात थोरल्याविषयी जुनं दुखणं. आमचे युस्टेस आणि मशरूम आधीपासून होतेच.

म्हणून आरोपही दोन्ही बाजूंनी. एका बाजूने कुजबुज की राणीने विष घातलं. सभासद ज्वराची व्यथा सांगतो, पण कुजबुजीला ज्वर पुरत नाही. दुसऱ्या बाजूने गोष्ट की संभाजी महाराजांनी रायगडावर येताच सावत्र आईला भिंतीत चिणून मारलं. ही गोष्ट तर तारखेनेच पडते. सोयराबाई त्यानंतर वर्षाहून जास्त जगल्या, १६८१ मध्ये वारल्या. आणि मधल्या काळातला एक कागद आहे, जो मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडतो. ऑगस्ट १६८० चं संभाजी महाराजांचं संस्कृत दानपत्र. म्हणजे गादीचा घोळ होऊन जेमतेम चार महिने झालेत. त्यात राजारामांच्या आईचा उल्लेख स्फटिकासारख्या निर्मळ मनाची असा येतो, आणि रोख आहे तो मंत्र्यांकडे.

दानपत्र ही सरकारी भाषा, तीत शिष्टाचार असतो, हे मान्य. कोणी म्हणेल, घरातलं उकिरडं बाहेर दाखवायचं नाही म्हणून लिहिलं. म्हणू दे. पुढच्या वर्षी जो कट झाला, अन्नात विष आणि शहजादा अकबराला पत्र, त्यात त्यांचं नाव जोडलं जातं, हेही मी लपवत नाही. पण ज्या माणसाचं राज्य हिरावलं जाणार होतं, त्यानेच त्या बाईबद्दल असं लिहून ठेवलंय. ‘छावा’ नायकाच्या बाजूचा सिनेमा आहे ना? मग नायकाचीच ही साक्ष सावत्र आईला का मिळू नये? मिळत नाही, कारण ती दाखवली तर प्रेक्षकाला एक प्रश्न पडेल, आणि तो पडून चालणार नाही.

बरं, याच सिनेमात औरंगजेब बघा. अक्षय खन्ना. त्याला म्हातारपण दिलंय, थकवा दिलाय, मुकुट उतरवून ठेवण्याची प्रतिज्ञा दिलीय, लांबलचक गप्प बसणं दिलंय. क्रूर आहेच, पण त्याला काय हवंय आणि ते त्याला किती महागात पडतंय, हे दिसतं. चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे. त्यात सोयराबाईंच्या वाट्याला मोजके प्रसंग येतात आणि त्या सगळ्यांत त्या कोणाची तरी आई आहेत. पुरुष खलनायकाला साम्राज्य, बाई खलनायिकेला मुलगा. सर्सीचं बाळ आठवलं?

मालिकेत वेळ होता, शेकडो भाग होते. पण रोजच्या मालिकेची गरज वेगळी असते. रोज रात्री भाग संपताना कोणीतरी डोळे बारीक करून बघायला लागतं. दीड-दोन वर्षांत झालेलं राजकारण रोजच्या हप्त्यांत वाटलं की तो कट राहत नाही, तो स्वभाव होतो. वसईकरांनी काम उत्तम केलं, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, गोष्ट आहे. इथे एक सांगतो, विचारून सांगतोय. आमच्या ओळखीत एक ताई आहेत, इथेच आमच्या भागात राहतात. दुसरेपणावर लग्न झालं, नवऱ्याचा पहिला मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. पुढे त्यांना स्वतःचा मुलगा झाला. मालिका जोरात होती त्या दिवसांत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं नाव पडलं. काय, ते सांगायला नको. गंमत म्हणून हो, सगळे हसायचे, त्यासुद्धा हसायच्या. मग त्या धाकट्याला शर्ट घेताना आधी थोरल्याला घ्यायला लागल्या. फोटोत थोरल्याला जवळ आणि धाकट्याला लांब उभं करायला लागल्या. मला म्हणाल्या, ‘मी आई कमी आणि पुरावा जास्त झाले होते रे.’ थोरला आता इंजिनिअरिंगला आहे. ग्रुपवर ते नाव अजून अधूनमधून निघतं. ‘छावा’ आल्यावर परत निघालं.

‘छावा’च्या वेळी वाद कशावर झाले, आठवा. प्रदर्शनाआधी लेझीमच्या नाचावर झाला, तो प्रसंग काढला. नंतर गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांच्या चित्रणावर शिर्के घराण्यातल्या लोकांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. कोणाची बाजू बरोबर, त्यात आज जात नाही. मला एवढंच दिसलं की नायकासाठी बोलायला लाखो लोक असतात, शिर्क्यांसाठी बोलायला शिर्के असतात. सोयराबाईंसाठी कोण बोलणार? माहेरचा भाऊसुद्धा त्या वेळी समोरच्या बाजूला होता.

आता दुसरी बाई, आणि ही तर पक्की पुण्याची. आनंदीबाई.

३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, शनिवारवाडा. नारायणराव पेशवे, वय अठरा. काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. गारदी पगारासाठी दंगा करत आत शिरले, नारायणराव काकाकडे धावला, आणि पुढचं तुम्हाला रील्सनी सांगितलंय, ‘काका मला वाचवा’, अमावास्येला आवाज येतो वगैरे. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याला वाचवताना मारला गेला, त्याची रील मात्र मी अजून पाहिली नाही.

आणि आपल्याला लहानपणापासून पाठ आहे की राघोबाने लिहिलं ‘धरावे’, आनंदीबाईने केलं ‘मारावे’. ध चा मा. एका अक्षराचा बदल. आमच्या भाषेत सांगायचं तर एका अक्षराचा डिफ, आणि अडीचशे वर्षं ‘गिट ब्लेम’ केलं की एकच नाव येतं.

पण तो खाडाखोड केलेला कागद काढून समोर ठेवता येत नाही. गोष्ट आहे, म्हण आहे, कागद नाही. आणि ही गोष्ट कोणाच्या सोयीची आहे, ते बघा. यात राघोबाचा हुकूम फक्त धरण्याचा उरतो. कट त्याचा, गारद्यांशी बोलणं त्याच्या माणसांचं, गादी मिळाली त्याला, आणि खून मात्र बायकोने केला! रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा त्यांनी दोषी धरलं ते राघोबाला. ‘या पापाला देहान्त प्रायश्चित्त’ असं तोंडावर सांगून ते पुण्यातून निघून गेले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. म्हणजे एका दमात आपण सांगतो की न्यायाधीशाने नवऱ्याला दोषी ठरवलं, आणि दुसऱ्या दमात सांगतो की केलं बायकोने. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी-शेजारी राहतात आणि कोणाची कोणाला अडचण होत नाही.

खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ लिहिलं. त्यातली आनंदीबाई महत्त्वाकांक्षी, तेजस्वी, नवऱ्याला पुढे ढकलणारी, लेडी मॅकबेथच्या जातीची. पुढे १९४४ मध्ये ‘प्रभात’चा ‘रामशास्त्री’ आला. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तो ‘प्रभात’चा स्टुडिओ, म्हणजे सगळं पुण्यातच. रामशास्त्री झाले गजानन जागीरदार, आनंदीबाई झाल्या ललिता पवार. तोपर्यंत साचा तयार होता. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, तिचा विषय माधवराव आणि ती त्यांच्या मृत्यूपाशी, १७७२ ला थांबते, म्हणजे खुनाच्या आधीच. दूरदर्शनवर ‘स्वामी’ मालिका आली ती पुन्हा जागीरदारांनीच दिग्दर्शित केलेली. आणि २०१४ चा मृणाल कुलकर्णींचा ‘रमा माधव’, त्यात सोनाली कुलकर्णी आनंदीबाई आणि प्रसाद ओक राघोबा. गंमत ही की गोष्ट खुनापर्यंत न पोचतासुद्धा बघणाऱ्याला खून आधीच माहीत असतो. आनंदीबाई पडद्यावर पहिल्यांदा नुसती दारातून आत आली तरी माझी आई सोफ्यावरून म्हणते, ‘आली बघ.’ अजून तिने काही केलेलं नाही. ती नुसती चालत आलीय!

‘बाजीराव मस्तानी’बद्दलही लिहा म्हणून मेसेज आहेत. त्यावर थोडक्यात. चित्रपट ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून. मस्तानीला विरोध करणारे घरात किती जण होते, चिमाजी अप्पा होते, नानासाहेब होते, बाहेर पुण्याचं ब्रह्मवृंद होतं. चित्रपटात लक्षात कोण राहतं? राधाबाई. तन्वी आझमींनी त्यात फार ताकदीचं काम केलंय, म्हणून तर जास्तच लक्षात राहतात. अख्ख्या शहराचा सोवळेपणा एका विधवेच्या चेहऱ्यावर बसवला की शहर मोकळं.

आता समोरची बाजूही बोलायला हवी, नाहीतर मला फुकटचा शहाणा म्हणाल. पडद्याला वेळ कमी असतो, हे खरंच आहे. आठशे पानं अडीच तासांत घालायची तर काहीतरी टाकावं लागतं. चेहरा लागतो, कारण प्रेक्षक ‘प्रक्रिये’चा राग करू शकत नाही, माणसाचा करतो. मी स्वतः ‘छावा’ बघताना शेवटच्या अर्ध्या तासात तोंडावर हात धरून बसलो होतो, तेव्हा मला दानपत्र-बिनपत्र काही आठवलं नाही. सिनेमा ते करू शकतो आणि पुस्तक तितकं करू शकत नाही. माझं म्हणणं एवढंच की काय टाकलं जातं, ते प्रत्येक वेळी एकच कसं असतं? लढाई टाकत नाहीत, गाणं टाकत नाहीत. शंका टाकतात.

आणि ती ठेवून गोष्ट सांगता येते. कुरोसावाने १९५० मध्ये ‘राशोमोन’ केला, एक खून, चार जबान्या, चारही दाखवल्या. पंचाहत्तर वर्षं झाली. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’वाल्यांच्या हातात तर तयार मशरूम होता, विदूषक! राजाच्या मृत्यूचा प्रसंग दोनदा दाखवा, एकदा धर्मगुरू सांगतो तसा, एकदा विदूषक सांगतो तसा, पेला एकदा रिकामा, एकदा भरलेला. त्यांनी ते केलं नाही. ठीक, त्यांचं ते बघतील.

आपल्याकडे करायचं असेल तर माझ्याकडे आयडिया तयार आहे, फुकट घ्या. सहा भागांची सिरीज. नायक रामशास्त्री, पण धीरगंभीर पुतळा नको, चिडका, कमी झोपलेला, कागदांत बुडालेला चौकशी अधिकारी. पहिल्या भागात खून होऊन गेलाय, वाडा धुतलाय, नवा पेशवा गादीवर आहे आणि चौकशी त्याच्याच माणसांची करायचीय. मग प्रत्येक भागात एकाची जबानी. सुमेरसिंग गारदी. तुळाजी पवार, ज्याने नारायणरावाला काकाच्या पायांवरून ओढलं म्हणतात. सखारामबापू, ज्यांना बरंच आधी माहीत होतं असा संशय होता. राघोबा. प्रत्येकाच्या सांगण्यात आनंदीबाई वेगळी दिसते, एकाच नटीने, एकाच लुगड्यात, पण एकात ती पडद्याआड हसतेय, एकात रडतेय, एकात त्या खोलीत नाहीच. कागदाचा प्रसंग प्रत्येक भागात येतो, आणि प्रत्येक वेळी बोरू वेगळ्याच्या हातात असतो.

सहाव्या भागात तिची जबानी. पुढे तिचं आयुष्य कैदेत आणि नजरेखाली गेलं. नाशिकला गंगापूर रोडने गेलात तर आनंदवल्ली लागते, ते नाव तिचंच. तिथे गोदावरीच्या काठी बसलेली मध्यमवयीन बाई, मुलगा शेजारी खेळतोय, जो पुढे दुसरा बाजीराव होणार आहे आणि ज्याच्यावर आपण पेशवाई बुडवल्याचा आरोप करणार आहोत. कारकून विचारतो, तो ‘मा’ तुमचा का? ती काय म्हणते, ते मला लिहिता आलेलं नाही. तीन वेळा लिहून खोडलंय. कबूल करते असं लिहिलं तर जुनीच गोष्ट होते, नाही म्हणते असं लिहिलं तर मी ॲलिसेंटची सिरीज करतो.

तुम्हाला सुचलं तर व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाच्या आतली. चांगल्या तीन-चार पुढच्या भागात वाजवेन. आणि आता थांबतो, खाली पाण्याचा टँकर आलाय, तो रिव्हर्स घेताना जे गाणं वाजवतो ते मला एडिटमध्ये काढता येत नाही. भेटू पुढच्या रविवारी.